रंगनाथ ड्रायव्हरचा वाढता पाय

औरंगपुऱ्यात बोळाच्या तोंडाशी माझं बुटांचं दुकान होतं. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला श्वास सोडायला रस्त्यावर जावं लागायचं. त्या दुकानात बसून मी जन्मभर लोकांचे पाय पाहिले. चेहरे पाहायचे राहूनच गेले. अजूनही रस्त्यात कोणी नमस्कार केला तर मी आधी खाली बघतो आणि मग नाव घेतो. मी शिवलेले जोडे एकापुढं एक मांडले तर क्रांती चौकातून निघालेली ओळ दौलताबादच्या किल्ल्याला वेढा घालून, वर चढून, पलीकडच्या अंगानं उतरेल. कोणाला खोटं वाटत असेल त्यानं जोडे गोळा करून आणावेत, मी मांडून दाखवतो.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तयार बुटात गिऱ्हाईक आपला पाय बसवतं. आमच्याकडं पायाला बूट बसवायचा. गिऱ्हाइकानं मोजे घालून जाड वहीच्या कोऱ्या पानावर पाय ठेवायचा, सगळा भार टाकायचा आणि मी पेन्सिल काटकोनात उभी धरून पायाभोवती फिरवायची. पेन्सिल आत कलली की बूट चावणार, बाहेर कलली की चालताना फटफट वाजणार. मग फितीनं चवड्याचा घेर, मधल्या उंचवट्याचा घेर. पानावर नाव आणि तारीख. त्या पानावरून रशीदचाचा कलबूत काढायचा. कलबूत म्हणजे लाकडाचा पाय, त्याच्यावर कातडं ओढून ठोकून बूट घडतो. एखाद्याचा पाय कुठं जास्त असला तर तेवढ्या जागी लाकडावर कातड्याचं पातळ ठिगळ चिकटवायचं, म्हणजे तिथं बूट फुगीर होतो. कायमच्या गिऱ्हाइकाचं कलबूत वेगळं ठेवायचो, नावाची चिठ्ठी बांधून, खिळ्याला टांगून. आमच्या भिंतीवर अर्धं शहर उलटं लटकलेलं असायचं.

रशीदचाचा बेगमपुऱ्याचा. माझ्या वडिलांच्या वेळचा कारागीर. रापीच्या पात्यानं कातडं असं तासायचा की त्यातून पलीकडचा पेपर वाचता यावा. मी स्वतः वाचलाय. बोलायचा कमी, आणि बोलला की समोरच्याचं बोलणं संपायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका वकिलांना उजव्या पायाला सहा बोटं होती. ते दर वेळी दार लावून घ्यायला सांगायचे आणि माप देताना माझ्याकडून शपथ घ्यायचे. एक पहिलवान होते, त्यांचा पाय वहीच्या पानात मावेना. दोन पानं जोडून काढला, तरी करंगळी बाहेर राहिली ती गल्ल्यावर काढून घेतली. आणि मोंढ्यातले एक व्यापारी तक्रार घेऊन आले, की डावा बूट फरशीवर टकटक वाजतो. मी बूट उलटा केला तर तळातून कुठला तरी खिळा घुसून थेट आत गेलेला. मोजा रक्तानं भिजलेला, आणि शेठजींना पत्ता नाही. मी म्हणालो, "शेठजी, आधी दवाखान्यात जा, साखर तपासा." ते म्हणाले, "मी तर चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो." साखर निघाली ती अशी की प्रयोगशाळेतल्या माणसानं म्हणे बाटलीला मुंग्या लागू नयेत म्हणून ती पाण्याच्या ताटलीत ठेवली. त्या दिवसापासून मी स्वतःला निम्मा डॉक्टर समजू लागलो. हा समज पुढं मला महागात पडला, आणि माझ्यापेक्षा जास्त दुसऱ्याला.

तो दुसरा म्हणजे रंगनाथ. हर्सूलचा. एका कारखान्याच्या कामगारांची बस चालवायचा. बस ठेकेदाराची, हा पगारी ड्रायव्हर. पहिल्यांदा आला तेव्हा पस्तिशीच्या आत होता, काटक, नाकाडोळ्यांनी नीट. म्हणाला, "किसनभाऊ, क्लचवर पाय टेकला की मला गाडीच्या पोटातलं कळलं पाहिजे. असा बूट द्या." असं मागणारं गिऱ्हाईक मिळालं की मला चार पेले चहा जास्त जातो. पान काढलं, आठ नंबरचं कलबूत निघालं, बूट असा बसला की रंगनाथ म्हणाला, "भाऊ, पायात काय हाय का नाय तेच कळंना."

आता आमच्या दुकानाचा माज सांगतो. दारावर वडिलांनी रंगवून घेतलेली पाटी होती: "माप एकदाच." म्हणजे एकदा पान काढलं की पुन्हा काढायचं नाही. गिऱ्हाइकानं नुसता निरोप धाडायचा, बूट तयार. शहरात दुसऱ्या कोणाची असं लिहायची छाती नव्हती. पोट सुटलेल्यांचे, बाळंतिणींचे, म्हाताऱ्यांचे पाय पसरतात हे आम्हाला ठाऊक होतं. त्याची तजवीज आम्ही न सांगता करायचो. पण पुन्हा माप घेणं म्हणजे पहिलं चुकलं असं कबूल करणं, आणि ते आमच्या घराण्यात कोणी केलं नव्हतं.

रंगनाथ दर दसऱ्याला एक काळा जोड करून घ्यायचा. दुसऱ्या वर्षी म्हणाला, "जरा आवळतंय भाऊ." मी म्हणालो, "मोजे जाड आहेत तुझे." तिसऱ्या वर्षी म्हणाला, "बोटं दबत्यात." मी म्हणालो, "कातडं नवं आहे, पंधरा दिवसांत सैल पडेल." चौथ्या वर्षी मी इंजिनच्या गरमीवर ढकललं, की ड्रायव्हरांचे पाय सुजतातच. एवढं ठामपणे सांगायचो की मलाही पटायचं. पण तो गेला की मी गुपचूप त्याच्या तळाच्या नमुन्याला एक सूत, इंचाचा आठवा हिस्सा, वाढवून ठेवायचो. रशीदचाचाला सांगायचो नाही. म्हातारा म्हणाला असता, बापाचा हात पोराला आला नाही.

पाचव्या की सहाव्या दसऱ्याच्या आधी रंगनाथ आला तो बायकोला, मंदावहिनींना, घेऊन. दुकानात चार गिऱ्हाइकं. त्यानं खाली बसून बूट काढला आणि माझ्यासमोर धरला. करंगळीच्या बाजूनं बूट ब्लेडनं उभा चिरलेला. बूट करणाऱ्याला याच्यापेक्षा मोठी शिवी नाही.

"भाऊ, राग मानू नका," तो म्हणाला. त्याचा आवाज जड झाला होता, तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा. "तुमचा हात गेला आता. या दसऱ्याचा जोड घालून बघतो, न्हायतर तयार बूट घेतो."

माझी कानशिलं तापली. पाटीबिटी सगळं विसरून मी वही ओढली, त्याचं जुनं पान काढलं आणि म्हणालो, "ठेव पाय. या चौघांसमोर ठेव. माझं माप चुकलं असलं तर आजच दुकानाला कुलूप लावतो."

त्यानं जुन्या रेघेवरच पाय ठेवला. टाच टाचेवर नेमकी टेकवली. आणि पुढची रेघ दिसेचना. पाय रेघेच्या बाहेर गेला होता, चहूबाजूंनी. मी नवी पेन्सिल फिरवली. पाय उचलल्यावर पानावर दोन पाय दिसले, एक आत, एक बाहेर. लहान पायाला मोठ्यानं गिळल्यासारखे. पुढून अंगठ्याच्या नखाएवढं अंतर.

मी ओरडलो, "चाचा, रंगनाथचं कलबूत आणा."

चाचानं खिळ्यावरून काढून आणलं, पण द्यायला तयार नव्हता. मी हिसकावून घेतलं. लाकडाचा चवडा दिसतच नव्हता. ठिगळावर ठिगळ, ठिगळावर ठिगळ, कांद्यासारखे थर.

"हे कोणी लावलं?"

"मैंने लगाया." चाचा खाली बघून म्हणाला. "हर साल एक."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तुमकु बोलता तो तुम क्या बोलते मियाँ? चाचा बुड्ढा हो गया, हाथ काँपरा. मैं चुप बैठा." मग मान वर करून म्हणाला, "तुम बी तो सूत बढारे थे. मेरेकु क्या दिखता नै?"

चौघं गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो असतो. पण माझा अंगठा तोवर रंगनाथच्या पायावर गेला होता. सुजलेल्या पायात अंगठा दाबला की खड्डा पडतो. इथं पडला नाही. पाय सपाट झाला तर लांबतो; याची कमान जिथल्या तिथं होती. चरबी म्हणावी तर ती पायाला लांबी देत नाही. मग राहिलं काय? हाड. चाळिशीच्या घरातल्या माणसाचं हाड वाढत होतं. मी वहीतली पानं उलटून पाहिली. एवढ्या पायांत असा पाय नव्हता. सहा बोटांचा होता, पण तोही जेवढा होता तेवढाच राहिला होता.

मग मी, कधी नव्हे ते, वर पाहिलं.

हात फावड्यासारखे रुंद. "अंगठी कुठंय रे तुझी?" तर म्हणाला, रुतून बसली होती, सोनारानं कापून काढली. दातांत फटी, दातांच्या डॉक्टरांनी तार बसवायची म्हणून सांगितलेलं. बोटांना मुंग्या, त्यासाठी वेगळे डॉक्टर. डोकेदुखी, त्यासाठी चष्मा. साखर आणि रक्तदाब, त्यासाठी हर्सूलचे डॉक्टर. मंदावहिनी म्हणाल्या, "आणि घोरणं असं की शेजारची कुत्री उठून जात्यात." थोडक्यात, रंगनाथचा एकेक अवयव एकेका माणसानं वाटून घेतला होता. सोनाराला अंगठी दिसली, दातवाल्याला दात, मला पाय. ज्यानं त्यानं आपापल्या तुकड्याचा इलाज केला. माझा इलाज सगळ्यांत वाईट, कारण मी तर मोज्यांवर ढकललं होतं.

"दसरा राहू द्या," रंगनाथ म्हणाला, "मला बूट आजच्या आज लागतो. गाडीवर जायचंय."

मंदावहिनी मध्येच बोलल्या, "सांगा की भावजींना खरं." मग त्यांनीच सांगितलं. सहा महिन्यांत गाडीचा आरसा तीनदा फुटला होता. एकदा खांबाला, एकदा फाटकाला, एकदा उभ्या टेम्पोला. ठेकेदाराला वाटत होतं की रंगनाथ दारू पिऊन गाडी चालवतो. जड जीभ, सुजट तोंड, लाल डोळे. त्यालाही दोष देता येत नव्हता. "आजवर थेंब घेतला नाय यांनी," वहिनी म्हणाल्या. "आता एक ओरखडा पडला की गाडी काढून घेणार म्हणलेत. आणि वर बोंब, की बेवडा होता म्हणून काढला."

मी बूट दिला नाही. म्हणालो, "तुझ्या पायाचं हाड का वाढतंय हे कळेपर्यंत या दुकानातून तुला बूट मिळणार नाही. दुसऱ्या दुकानात गेलास तर तिथं येऊन बसेन." माझा स्वभाव तसा फुगवून सांगायचा, पण त्या दिवशी एक शब्द फुगवलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वहीचं पान आणि ठिगळांचं कलबूत पिशवीत घालून मी रंगनाथला स्कूटरवर मागं बसवला. पहिले डॉक्टर त्याचे नेहमीचे. त्यांनी पान बघितलं आणि म्हणाले, "साखरेचा पेशंट आहे, पाय सुजणारच." मी म्हणालो, "खड्डा पडत नाही साहेब." ते म्हणाले, "तुम्ही बूट शिवा." दुसरे हाडांचे. ते मोठे गृहस्थ, त्यांनी फोटो काढायला लावला, हाड कुठं मोडलं नाही म्हणून आनंदानं सांगितलं, आणि चिठ्ठीवर लिहून दिलं, "सैल बूट वापरावा." म्हणजे माझाच सल्ला मला पैसे घेऊन विकला. त्यांनाही काय बोलू? मोडकं हाड शोधणाऱ्याला वाढतं हाड दिसत नाही, आणि फक्त आजचा पाय पाहिला तर तो मोठा पाय असतो, एवढंच. वाढलेला कळायला कालचा पाय लागतो. तो कोणाकडंच नव्हता. तो माझ्या पिशवीत होता.

रंगनाथ वैतागला. "भाऊ, सोडा आता. पाय मोठा तर मोठा. मोठ्या पायानं कोणी मेलंय का?"

मी म्हणालो, "उद्या अकराला."

तिसऱ्या डॉक्टर म्हणजे एक बाई, समर्थनगराकडं नवा दवाखाना टाकलेल्या. गर्दी अशी की पाळी यायला माणसाची दाढी वाढावी. दारावरच्या बाईंनी मला पिशवीसह अडवलं. "लाकडी पाय बसवायचे डॉक्टर वेगळे, इथं नाही." पहिल्या दिवशी परत पाठवलं, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी नुसता बाकावर बसलो आणि त्यांच्या पायांकडं बघत राहिलो. तासाभरानं त्या चिडल्या, "काय बघताय हो?" मी म्हणालो, "ताई, तुमच्या डाव्या अंगठ्याच्या बाजूला घट्टा आहे, संध्याकाळी ठणकत असेल. टाचेत अर्धं सूत घातलं की जाईल." त्यांनी पाय मागं ओढून घेतला. मग हळूच म्हणाल्या, "लई ठणकतो." पुढचा नंबर आमचा लागला. कोणी याला लाच म्हणेल. मी वैद्यकीय सेवा म्हणतो. चप्पल मात्र फुकट दिली.

डॉक्टरबाई वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्या दिवशी मंदावहिनीही बरोबर होत्या. मी टेबलावर पान पसरलं, शेजारी कलबूत ठेवलं, आणि पिशवीतली सुरी काढून एकेक ठिगळ उचकटून दाखवलं. "हे पहिल्या वर्षाचं. हे दुसऱ्या. हे तिसऱ्या." बाई ठिगळं मोजत नव्हत्या. त्या रंगनाथच्या तोंडाकडं बघत होत्या.

"जुना फोटो आहे का तुमचा?"

रंगनाथनं खिशातून लायसन काढलं. बाईंनी ते त्याच्या गालाशी धरलं आणि बराच वेळ दोन्हींकडं पाहिलं. मीही पाहिलं. फोटोतल्या माणसाची हनुवटी, कपाळ, नाक, सगळं कोणीतरी आतून ठिगळ लावून वाढवलं होतं. मंदावहिनींनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "रोज बघते ना मी. रोज बघते म्हणून दिसलं नाय."

बाईंनी मग एक साधी गोष्ट केली. समोर बसल्या, म्हणाल्या, "माझ्या नाकाकडं बघा. नजर हलवू नका." आणि दोन्ही हात बाजूंना पसरून बोटं हलवली. "किती बोटं हलतायत?"

रंगनाथ म्हणाला, "कुठली बोटं?"

बाई हात हळूहळू पुढं आणत गेल्या. पार समोर आले तेव्हा तो म्हणाला, "हां, आता दिसली. चार."

माझ्या डोळ्यांसमोर तीन आरसे फुटले. हा माणूस समोर खणखणीत बघत होता आणि दोन्ही बाजूंना भिंत होती. डोळे तपासायचा समोरचा तक्ता त्यानं झोपेत वाचून दाखवला असता. त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं, कारण न दिसणारं काळं दिसत नाही, ते नसतंच.

बाईंनी आम्हाला समजेल असं सांगितलं. नाकाच्या मुळामागं, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. अंग वाढवायचा हुकूम तिथून सुटतो. तिच्यावर गाठ आली की हुकूम सुटतच राहतो. लहानपणी आली तर माणूस उंच होतो. मोठेपणी उंची संपलेली असते, म्हणून हात, पाय, जबडा, जीभ वाढते. गाठ वर सरकली की डोळ्यांच्या नसा दाबते, आणि आधी बाजूचं दिसणं जातं. आजाराचं नाव ॲक्रोमेगाली. क्वचित होतो, आणि इतका हळू होतो की घरच्यांना कळत नाही, डॉक्टरांना कळायला कैक वर्षं लागतात. "माझ्याकडं नुसते डोकेदुखीला आले असते," बाई म्हणाल्या, "तर मीही गोळी देऊन पाठवलं असतं."

मग रंगनाथकडं वळल्या. "या क्षणापासून गाडी नाही."

"चारची पाळी हाय माझी."

"नाही."

"बाई, आज गेलो नाय तर ते म्हणणार पिऊन पडला. पाच वर्षं एक खाडा नाय माझा. एवढी पाळी करतो, मग तुम्ही म्हणाल ते."

मी उठून दारात उभा राहिलो. अंगानं मी रंगनाथच्या निम्मा; त्यानं फुंकलं असतं तर बाकावर जाऊन पडलो असतो. म्हणालो, "ठेकेदाराकडं मी जातो. कलबूत दाखवतो. पण तू जाणार असलास तर मला तुडवून जा. नाहीतरी तुला मी दिसणार नाही."

तो बसला. रडला, मोठ्या जबड्याचा माणूस रडतो तसा, आवाज न करता.

ठेकेदार शेठ चांगला निघाला. पान बघितलं, कलबूत बघितलं, बाईंची चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाला, "म्हणजे तो पीत नव्हता?" मी म्हणालो, "शेठ, प्यायला असता तर एखादा खांब तरी चुकला असता." त्यानं गाडीवरच्या सगळ्या माणसांना बोलावून स्वतः सांगितलं, की रंगनाथ आजारी आहे, दारू वगैरे काही नाही.

डोक्याच्या फोटोत गाठ निघाली, बोराएवढी. मुंबईला नाकाच्या वाटेनं ती काढली. मंदावहिनी सांगायच्या की डॉक्टर बाहेर येऊन गाठ निघाली म्हणाले आणि वहिनींनी सगळ्यांत आधी विचारलं, घोरणं जाईल का. गेलं. साखर उतरली, डोकेदुखी थांबली, हाताची सूज कमी झाली. वाढलेलं हाड मात्र माघारी जात नाही. पाय तेवढाच राहिला. उजव्या बाजूचं दिसणं परतलं. डावीकडचं निम्मं आलं आणि अडलं.

मी डॉक्टरबाईंना एकटा गाठून विचारलं, "बाई, मी तीन वर्षं आधी वही काढली असती तर?"

त्यांनी मला बरं वाटावं म्हणून काही म्हटलं नाही. "सांगता येत नाही," म्हणाल्या. "कदाचित डावी बाजू राहिली असती." त्या दिवशी दुकानात आलो, स्टुलावर चढलो आणि वडिलांची पाटी उतरवली. चाचानं स्टूल धरलं होतं. तेव्हापासून दर जोडाला नवं पान. पाटी उतरवल्यावर गिऱ्हाइकं कमी होतील असं वाटलं होतं. एकही कमी झालं नाही. म्हणजे एवढी वर्षं ती पाटी फक्त मीच वाचत होतो.

सहा महिन्यांनी रंगनाथ आला तो उड्या मारत. कुठून तरी डोळ्यांचा दाखला आणला होता, समोरचा तक्ता वाचून. बाईंनी अजून थांब म्हणून सांगितलेलं, पण ठेकेदाराकडं ड्रायव्हर कमी, याचे हात शिवशिवत होते. "भाऊ, मला सगळं दिसतंय. उद्यापासून गाडी. चला, पहिली किल्ली तुमच्यासमोर घेतो."

"डावीकडचं?"

"दिसतंय वाटतं की."

मी म्हणालो, "वाटतं हे माप नाही. चल, मापू."

ठेकेदाराच्या अंगणात गाडी उभी होती. शेठ होता, आणखी दोन ड्रायव्हर चहा पीत होते. शेठनं दिलेली किल्ली रंगनाथनं खिशात टाकली, आणि मी त्याला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. म्हणालो, "समोरच्या कडुलिंबाच्या खोडावर नजर ठेव, हलवू नको. आरशात बघू नको. मी डाव्या अंगानं मागून चालत येतो. दिसलो की हॉर्न दाब." खडू घेऊन मी मागच्या चाकापाशी गेलो आणि गाडीपासून दोन हातांवरून चालू लागलो.

खिडक्या गेल्या. मी चालत राहिलो. दार आलं, जिथून कामगार चढतात, उतरतात. हॉर्न नाही. मी दारात थांबलो, हात हलवला. नाही. पुढं झालो. पुढचं चाक आलं. शेठ चहाचा पेला धरून बघत होता. मला वाटलं, आता वाजेल. तिथं मी मुद्दाम हळू झालो. मी आयुष्यात एवढं मनापासून काही मागितलं नव्हतं. चाक मागं पडलं, गाडीचा कोपरा आला, मी कोपऱ्याच्याही पुढं एक पाऊल टाकलं, आणि तेव्हा हॉर्न वाजला.

वरून रंगनाथचा आवाज आला, आनंदाचा. "बघा. दिसलात का नाय? कुठं होता भाऊ?"

हातात खडू होता. त्याला तिथून जमीन दिसत नव्हती. दारापाशी रेघ मारली असती तर तो सुखानं किल्ली घेऊन घरी गेला असता, आणि मला तसं सांगायला जड नव्हतं. जन्मभर मी पावलाचा कोस करून सांगत आलो होतो. मी खाली वाकलो आणि जिथं उभा होतो तिथंच रेघ मारली.

"उतर," म्हणालो. "ये आणि बघ."

तो उतरला, वळसा घालून आला. रेघेवर उभा राहिला आणि मागं वळून दाराकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. शेठ म्हणाला, "आरसा आहे की रे डावीकडं."

"आरसाच तीनदा फोडला शेठ," रंगनाथ म्हणाला. "आणि इथं दारात माणूस उभा असतो उतरलेला." त्यानं खिशातून किल्ली काढली आणि शेठच्या हातात ठेवली. शेठनं ती लगेच घेतली नाही, मग घेतली.

मला वाटलं, आता हा घरी जाईल, आणि मी काय बोलावं याची जुळवाजुळव करू लागलो. पण रंगनाथनं माझ्या हातून खडू घेतला, वाकून रेघ जाड केली, आणि चहा पिणाऱ्या दोघांकडं वळून म्हणाला, "या रं. एकेक जण वर बसा. तुमचंबी बघू."

दोघं एकमेकांकडं बघू लागले. त्यातला एक कुरकुरला, "आम्हाला काय झालंय?"

"मलाबी काय झालं नव्हतं," रंगनाथ म्हणाला. "चढ वर. नजर खोडावर."

पहिला चढला. मी चपला नीट केल्या आणि पुन्हा मागच्या चाकापाशी जाऊन उभा राहिलो.